आधी टायर मोजा, मग मडगार्ड शोधा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाच्या घरी आजोबांनी घेतलेला मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. बरीच वर्षं गोठ्याशेजारी उभा होता. या उन्हाळ्यात इंजिन सुरू झालं, मागे १३.६-२८ चे (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत) नवे टायर घातले, आता पत्र्याचं काम काढलंय. उजवं मडगार्ड खालून पार सडलंय आणि शेतात दोन-चार फेऱ्या मारल्यावर आतून घासून चकाकायला लागलंय. डाव्या मडगार्डला ब्रॅकेटच्या भोकापासून वीतभर चीर आहे. डाव्याचा पत्रा हाताला जाड लागतो, उजव्याचा पातळ. उजव्याला दोन भोकं जास्तीची आहेत. मेकॅनिक म्हणतो, मॅसीच्याच आजच्या १०३५ या मॉडेलची नवी जोडी आणा, बसेल. थोरले बंधू म्हणतात, रुंद, सपाट, वर बसता येईल अशी घालू. वाचकाला मात्र हवीत "मूळचीच". इंग्लंडहून मागवायचीही तयारी आहे. खंडेनवमीच्या आत काम व्हायला हवं. विचारतात, कोणती जोडी घेऊ?

नमस्कार.

तुम्ही जोडी विचारलीत, पण तुमच्याच पत्रावरून असं वाटतं की तुम्हाला बहुधा एकच मडगार्ड लागेल, आणि तेही टायरचा निकाल लागल्यावर. म्हणून सुरुवात टायरपासून करू.

या ट्रॅक्टरला मागे १०-२८ किंवा ११-२८ टायर यायचे. आजच्या मापात ते ११.२-२८ आणि १२.४-२८ म्हणून मिळतात. तुम्ही घातलेत १३.६-२८. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण ठोकळमानाने १२.४ चा टायर ३१५ मिमी रुंद आणि १३.६ चा ३४५ मिमी. म्हणजे प्रत्येक कुशीला १५ मिमी जास्त, आणि उंचीला मध्यापासून २५ मिमीच्या आसपास जास्त. आधी ११.२ असेल तर हेच आकडे दुप्पट धरा. मडगार्ड एक्सलच्या हाउसिंगवर पक्कं बसलेलं असतं. टायर फुगला म्हणून ते सरकत नाही. उजव्या बाजूची चकाकी तिथूनच आली आहे. पत्रा जुना की नवा, देशी की विलायती, याचा तिच्याशी संबंध नाही. आज इंग्लंडहून जोडी आणून बसवलीत तरी ती पहिल्याच आठवड्यात तिथेच घासेल.

यावर दोन उपाय आहेत. एक, १२.४-२८ वर परत या. ट्रॅक्टर पूर्वी होता तसा करायचा असेल तर मापही तेच शोभतं, शिवाय काढलेले नवे टायर विकले जातात, पडून राहत नाहीत. दोन, चाकांमधलं अंतर वाढवा. या मॉडेलची मागची चाकं ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत चार-चार इंचांच्या टप्प्याने बाहेर काढता येतात. रिम आणि मधली डिस्क वेगवेगळ्या बाजूने जोडून ते साधायचं. एक टप्पा वाढवला की प्रत्येक चाक दोन इंच, म्हणजे ५० मिमी बाहेर जातं आणि आतलं घासणं थांबतं. दोन्ही टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत जमिनीलगत टेप लावून बघा. ४८ निघाले तर तुम्ही सर्वांत आतल्या टप्प्यावर आहात.

हे करताना एक गोष्ट हमखास चुकते. काही टप्प्यांना चाक उलटं बसतं, मग टायरची नक्षीही उलटी होते. तेव्हा डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं लागतं. मागून बघितल्यावर नक्षीचा बाण वरच्या बाजूला पुढे रोखलेला दिसला पाहिजे. टायरात पाणी भरलेलं असेल तर ते आधी काढा. शंभर लिटरच्या वर पाणी असतं, आणि तेवढ्या वजनाचं चाक निसटलं तर माणूस सावरू शकत नाही. नुसत्या जॅकवर काम करू नका. एक्सलखाली लाकडी ठोकळ्यांची चौकट रचा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. अंतर वाढवूनही उंचीचा प्रश्न मात्र राहतो. टायरच्या माथ्यावर ६०-७० मिमी आणि आतल्या बाजूला ३०-४० मिमी फट मिळत नसेल तर १२.४ वरच या. काळ्या मातीत यापेक्षा कमी फट ठेवली की चिखल दाबून बसतो आणि पत्रा आतून ढकलतो. भाताच्या चिखलणीला पिंजरा चाकं लावणाऱ्यांनी फट टायरवर न मोजता पिंजरा बसवून मोजावी.

आता "मूळचीच" या शब्दाकडे येतो. तुमच्या दोन मडगार्डांत एक जाड, एक पातळ आहे. कारखान्यातून अशी जोडी निघत नाही. उजव्याला जास्तीची दोन भोकं म्हणजे ते कधीतरी दुसऱ्या ब्रॅकेटसाठी पाडलेलं किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आलेलं असण्याची दाट शक्यता आहे. आजोबांच्या काळातच एखाद्या अपघातानंतर ते बदललं गेलं असेल. तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं मडगार्ड आणि कारखान्यातून आलेलं मडगार्ड या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यातली कोणती परत आणायची, हे आधी ठरवा. दोन्ही निवडी चांगल्या आहेत, पण दोन्हींचा खर्च आणि शोध वेगळा.

तपासायला दोन साधे मार्ग आहेत. पहिला जाडीचा. रुपयाएवढ्या जागेवरचा रंग दोन्ही बाजूंनी खरवडून व्हर्नियर लावा. एका मडगार्डवर निदान तीन ठिकाणी, गंजापासून लांब. १४ गेज म्हणजे २ मिमी, १६ गेज १.६ मिमी, १८ गेज १.२ मिमी, २० गेज ०.९ मिमी. डावं आणि उजवं यांत एका मापाचाही फरक निघाला तर ती जोडी नाही.

दुसरा मार्ग रंगाचा. ब्रॅकेट सोडवल्यावर त्याच्याखाली पत्र्याचा जो भाग झाकलेला असतो, तिथे ऊन-पाऊस लागलेला नसतो आणि नंतरच्या पेंटरचा ब्रशही पोचलेला नसतो. तिथे ४०० नंबरचा पेपर पाण्यात बुडवून बोटाच्या टोकाने गोल-गोल हलका घासा. मध्यभागी पत्रा दिसू लागला की त्याभोवती रंगांची वलयं उमटतात. सर्वांत आतलं वलय सर्वांत जुनं. १९५६ साली ब्रिटनमध्ये हे मॉडेल आलं तेव्हा पत्रा राखाडी आणि खालचं यंत्र सोनेरी-कांस्य रंगाचं होतं. लाल पत्रा १९५७ च्या अखेरीपासून आला. हे ट्रॅक्टर भारतात बनवणारी चेन्नईची टॅफे कंपनी १९६० ची, म्हणजे भारतात बनलेल्या ट्रॅक्टरवर लालच सापडायला हवा. आतलं राखाडी वलय दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. प्रायमरही राखाडी असतो. तो निस्तेज आणि पिठूळ दिसतो, वरच्या रंगाला चकाकी असते. डाव्याला आणि उजव्याला वलयांचा क्रम वेगळा निघाला तर उजवं बहुधा बाहेरून आलंय, असं समजा.

डावं मडगार्ड टाकू नका. वीतभर चीर म्हणजे मडगार्ड गेलं असं नाही. ब्रॅकेटच्या भोकातून चीर निघते कारण तिथे पत्रा धरलेला असतो आणि बाकीचा हलत असतो. बोल्ट थोडा ढिला राहिला, वर कोणी बसत राहिलं, की वर्षानुवर्षांच्या थरथरीने तो तिथेच फाटतो. दुरुस्ती अशी करून घ्या. चिरेचं खरं टोक शोधा. रंग काढून रॉकेलचं बोट फिरवा, पुसा आणि वर खडूची पूड मारा. चिरेत राहिलेलं रॉकेल ओल्या रेघेसारखं उमटतं, आणि डोळ्याला दिसते त्यापेक्षा चीर बहुतेक वेळा लांब निघते. वेल्डिंगच्या आधी हे रॉकेल पूर्ण पुसून सुकवून घ्या. टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग चिरेच्या कडा घासून वेल्डिंग करा आणि आतून त्याच जाडीच्या पत्र्याची पट्टी लावा. पट्टीचे कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यातून पुढची चीर निघते.

वेल्डिंग सीओटू मशीनवर (गॅसच्या आवरणात तार वितळवणारं मशीन) ०.८ मिमी तारेने करून घ्या. आधी २५-३० मिमीवर टाके घ्यायचे, एक इकडे एक तिकडे, मध्ये पत्रा हाताला सोसवेल इतका थंड होऊ द्यायचा. सलग ओढलं की पत्रा तापून फुगतो आणि गोलाई बिघडते. मग डेंटर तो बिघाड लांबी (पुट्टी) भरून लपवतो. गावात फक्त साधं आर्क मशीन असेल तर जाड रॉडने पत्रा जळून भोकं पडतात. अशा वेळी तालुक्याला जाणं स्वस्त पडतं. जुन्या कारागिराने पितळेने गॅस वेल्डिंग केलेलं जोडकामही मडगार्डवर चांगलं टिकतं. फक्त त्या जागी नंतर कोणी सीओटू मारू नये, पितळ मिसळलं की नवं वेल्डिंग तडकतं.

उजव्याचं काय, ते सडलंय किती यावर आहे. खालचा पुढचा कोपरा, जिथे पायरीजवळ चिखल साठतो, तो या ट्रॅक्टरांचा नेहमीच जातो. तेवढाच गेला असेल तर ठिगळ लावता येतं. ब्रॅकेटजवळची दुहेरी पत्र्याची जागाही बघा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, खताची पूड शिरते, आणि बाहेरून रंग धड दिसत असताना आतला पत्रा पापुद्रे सुटून फुगतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा टोक आत घुसलं, तर तिथून निदान २५ मिमी चांगल्या पत्र्यापर्यंत कापावं लागेल. कोपरा आणि ब्रॅकेटची जागा दोन्ही गेल्या असतील, आणि मुळात ते मडगार्ड या ट्रॅक्टरचं नसेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. बदला.

बदलण्यासाठी पहिली पसंती त्याच मॉडेलच्या भंगारातल्या मडगार्डाला. जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे आणि साखरपट्ट्यातल्या गॅरेजांच्या मागच्या बाजूला ती पडलेली सापडतात. जाताना डाव्या मडगार्डाचा पुठ्ठ्याचा साचा न्या. आतल्या गोलाईवर पुठ्ठा धरून पेन्सिलीने रेघ ओढा, कापा, परत लावून बघा. उजव्यासाठी तोच साचा उलटा करून चालतो. सोबत चार मापं लिहून घ्या: पत्र्याची रुंदी, कडेच्या दुमडीची रुंदी, ब्रॅकेटच्या भोकांमधली अंतरं आणि त्याच भोकांचे तिरके कर्ण. नुसती अंतरं जुळली आणि कर्ण नाही जुळले, तर भोकं तिरकी आहेत. मग बोल्ट बसवायला पहारीने ओढाताण होते आणि पुढच्या हंगामात चीर.

घेताना आतून बघा. बाहेरून ताजा लाल रंग आणि आतून जाड काळा थर असेल तर काहीतरी झाकलेलं आहे. लहान लोहचुंबक कागदाच्या तुकड्यावरून फिरवा, जिथे सुटतो तिथे लांबी भरलेली आहे. दोन-तीन मिमी लांबी चालते. त्यापेक्षा जाड लांबी ट्रॅक्टरच्या थरथरीत खपलीसारखी निघते. मडगार्ड सपाट फरशीवर ठेवून चारही टोकं टेकतात का तेही बघा. एक टोक उचललेलं राहिलं तर ते पिळलेलं आहे, आणि पीळ काढणं हे ठिगळ लावण्यापेक्षा अवघड काम आहे.

मेकॅनिक म्हणतो ती १०३५ ची नवी जोडी वाईट नसते. ट्रॅक्टर रोज ट्रॉलीला जुंपायचा असता तर कदाचित तीच सुचवली असती. पण "बसेल" आणि "बसते" यांत फरक आहे. नव्या मॉडेलचं मडगार्ड वेगळ्या टायरसाठी वळवलेलं असतं, ब्रॅकेट वेगळी असते, आणि मग भोकं लांबवून, वॉशर घालून, एक्सलवर आधाराची पट्टी जोडून ते बसवलं जातं. दुकानात जायचंच असेल तर साचा आणि वजनकाटा न्या. एक चौरस मीटर पत्रा १.६ मिमीचा असेल तर साधारण साडेबारा किलो भरतो, १.२ मिमीचा साडेनऊ. डाव्या मडगार्डाच्या तुलनेत नवं पाऊण वजनाचं निघालं तर पत्रा हलका आहे. डाव्याच्या शेजारी ते दिसायलाही हलकं दिसेल आणि आवाजही करेल.

स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेणं हा तिसरा मार्ग, आणि बरेच जण तो उगाच टाळतात. रोलिंग मशीन साधी गोलाई देतं. मूळ मडगार्ड मात्र प्रेसमध्ये दाबलेलं असतं, त्याला दोन दिशांनी वळण असतं. फॅब्रिकेटर ते दोन-तीन तुकड्यांत करून जोडेल, म्हणून जोड कुठे येणार हे आधी विचारा. जोड ब्रॅकेटच्या रेषेत येऊ देऊ नका. बाहेरची कड ५-६ मिमीची तार आत घालून वळवून घ्या. नुसती दुमडलेली कड थोड्याच दिवसांत लाटेसारखी होते आणि हाताला कापते. पत्रा डाव्याच्या जाडीचाच सांगा. थंड रोल केलेला, म्हणजे सीआर पत्रा मागा. त्यावर रंग सफाईने बसतो.

इंग्लंडचा पर्याय शेवटचा. तिथे या मॉडेलचा पत्रा आजही नव्याने बनतो. पण मडगार्डासारखी पोकळ मोठी वस्तू विमानाने पाठवताना भाडं वजनापेक्षा आकारावर लागतं, वर सीमाशुल्क. वस्तू चुकीची आली तर परत पाठवणं जवळपास अशक्य. वर्णनात दोन-तीन मॉडेलांचे नंबर एकत्र लिहिलेले दिसले तर भोकांची मापं मागवल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमच्या बाबतीत डावं मडगार्ड धड आहे, तेव्हा दोन्ही बाजूंचा हा खर्च करण्याचं कारण दिसत नाही.

बोल्टबद्दल थोडं, कारण पत्रा वाचवून बोल्टपाशी काम बिघडवलेली उदाहरणं पुष्कळ आहेत. या ट्रॅक्टरचे आटे इंची आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. बाजारातला १२ मिमीचा बोल्ट त्या भोकात डुगडुगतो, आणि आटे जुळत नसल्याने दोन-तीन फेऱ्यांत अडकतो. उलट ७/१६ इंचाच्या, म्हणजे ११.१ मिमीच्या भोकात १२ चा बोल्ट जबरदस्तीने घातला की हाउसिंगचे आटे कायमचे जातात. आटे मोजायचा गेज लावा आणि इंची बोल्टच आणा. जुना बोल्ट सोडवण्याआधी तो आणखी काय धरतो ते बघा. ब्रेकची पाटी किंवा हाउसिंगचा जोड त्याच बोल्टवर असेल तर तेल गळायला लागेल. पत्र्याच्या बाजूने मोठा चपटा वॉशर आणि त्यावर स्प्रिंग वॉशर हवा. आवाज कमी व्हावा म्हणून मध्ये रबराची पट्टी घालायचा सल्ला मिळेल. तो मानू नका. रबर दबतं, बोल्ट ढिला पडतो, आणि पट्टीखाली पाणी धरून राहतं. त्याऐवजी दोन पत्र्यांच्या मध्ये सीम सीलर (जोडात भरायचा मसाला) भरा.

थोरल्या बंधूंची इच्छा समजण्यासारखी आहे. घरातल्या मुलांना आजोबांच्या ट्रॅक्टरवर बसवून शिवारात न्यावं, असं कोणालाही वाटेल. पण मडगार्ड हे चाकापासून चालकाला वाचवण्यासाठी असतं, ती बसायची जागा नाही. खड्ड्यात एक हिसका बसला की बसलेला माणूस चाकासमोर किंवा चाकामागे पडतो, आणि मध्ये काही नसतं. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय माणूस बसवून नेणं कायद्यातही बसत नाही. डाव्या मडगार्डाची चीरही अशा वजनामुळेच वाढली असण्याची शक्यता मोठी आहे. सपाट मडगार्ड घातलं की कोणीतरी बसणारच, म्हणून मी ते सुचवणार नाही. मुलांना बसवायचंच असेल तर इंजिन बंद ठेवून, अंगणात, चालकाच्या सीटवर बसवा. फोटोही तिथेच चांगला येतो.

रंगाआधी सगळं एकदा कच्चं जोडून बघा. मडगार्ड, टायर, सीट, पायरी, दिवे, सगळं. लिफ्ट पूर्ण वर उचला आणि दांडे, साखळ्या मडगार्डाला लागतात का बघा. सीटवर बसून ब्रेक, क्लच आणि लिफ्टचा दांडा हलवा, मांडी किंवा कोपर कडेला लागतं का तपासा. मागच्या दिव्याच्या वायरला भोक आत्ताच पाडा आणि त्यात रबरी ग्रोमेट (वायर कडेवर घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी) घाला. रंग झाल्यावर पाडलेल्या भोकाची कड तिथूनच गंजते.

सँड ब्लास्टिंग करायचं ठरलं तर दाब कमी आणि वाळू बारीक ठेवायला सांगा. रुंद सपाट भागावर जोराचा मारा झाला की पत्रा पोळीसारखा फुगतो आणि परत बसत नाही. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका, पावसाळी हवेत सकाळपर्यंत गंज धरतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. नुसता रेडऑक्साइड पाणी शोषतो, त्याच्या भरवशावर आतली बाजू सोडू नका. आतून इपॉक्सीवर अंडरबॉडी कोटिंग, बाहेरून लांबी, परत प्रायमर, मग लाल. पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते. साधा कापडी मास्क पुरत नाही. घराच्या अंगणात करायचं असेल तर सिंथेटिक इनॅमल घ्या. त्या काळच्या रंगाच्या चकाकीजवळही तोच जातो.

वेळेचं म्हणाल, तर खंडेनवमीपर्यंत टायरचा निर्णय, डाव्याची दुरुस्ती आणि कच्ची जोडणी आरामात होईल. उजवं मडगार्ड तोवर सापडलं नाही तर घाईने हलकी जोडी आणू नका. सडलेल्या उजव्याला आतून तात्पुरती पट्टी मारा, कड बोथट करा, प्रायमर लावा आणि पूजेला उभा करा. उघड्या चाकाने मात्र ट्रॅक्टर फिरवू नका, अंगणातसुद्धा नाही. आणि पक्की जोडणी झाल्यावर पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट एकदा परत आवळा. नवा रंग आणि सीलर दबला की ते हमखास थोडे ढिले पडलेले असतात.